पत्त्याचा रकाना

मोहिद्दीन : नाय विजयभाऊ, चहा राहू दे. जुम्म्याच्या नमाजला दुबईत करामाला पोचायचं हाय. आधी शाळेचं हे लेटर वाचा. माझी पोरगी दुआ शारजाच्या नव्या ब्रँचला! शाळा आमच्या बिल्डिंगपासनं पाच मिनिटांवर, तिची अम्मी शहरबानू तिला गेटपर्यंत चालत सोडते. आता पोरीनं रोज दुबई सोडून इकडं यायचं?

विजयकुमार : बसा तर आधी. काहीतरी क्लेरिकल मिस्टेक असेल.

अनुराधा : क्लेरिकल म्हणजे कोणाची, ते यांनाच विचारा भाऊ. कोण कुठल्या ब्रँचला, ती यादी पालक कमिटीतर्फे यांनीच केलीय. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, तीन दिवस डबा न खाता.

विजयकुमार : अनु, तू जरा...

मोहिद्दीन : तुम्हीच केली? मग बरंच झालं की! तुम्हाला ठाऊक हाय आम्ही कुठं राहतो. ईदला जेवून गेलात.

विजयकुमार : चौदाशे मुलं आहेत मोहिद्दीनभाऊ. एकेक नाव वाचत बसलो नाही. ॲड्रेसच्या कॉलमवर सॉर्ट केलं. शारजा लिहिलेले शारजाला, दुबई लिहिलेले दुबईत.

मोहिद्दीन : मी कधी शारजा लिहिलं?

विजयकुमार : हा बघा तुमचा फॉर्म. पी. ओ. बॉक्स, खाली शारजा.

मोहिद्दीन : तो माझ्या दुकानाचा! इंडस्ट्रियल एरियातल्या स्पेअर पार्टच्या दुकानाचा! दुसरं काय लिहिणार मी? इथं कोणाच्या घरी पोस्टमन येतो? टॅक्सीवाल्याला मी फिश मार्केटच्या मागं म्हणून सांगतो. फॉर्मात काय मासळी लिहू?

अनुराधा : सगळे तेच करतात हो. कंपनीचा बॉक्स तोच आपला पत्ता. पंधरा वर्षं माझ्या आईची पत्रं यांच्या ऑफिसातला प्यून आधी हाताळतो.

मोहिद्दीन : मग झालं तर. यल्ला, नाव बदला नि खलास.

विजयकुमार : इतकं सोपं असतं तर... हे बघा, इन्स्पेक्शनवाल्यांनी आकडा बांधून दिलाय. आठवीच्या एका वर्गात चाळीस. आज अठ्ठावन्न आहेत, एका बाकावर तिघं तिघं. चाळीसच्या वर एक जरी दिसला तरी शाळेला नोटीस. दुआ परत आली की कोणाला तरी जावं लागणार.

मोहिद्दीन : तर जाऊ दे ना. माझ्या उलटा पण कोणतरी असेलच. घर शारजात, बॉक्स दुबईचा. त्याला इकडं आणा. त्या पोराची पण बस वाचेल.

विजयकुमार : असेल.

अनुराधा : असेल काय, असेल?

विजयकुमार : अनु!

अनुराधा : नाही, आता बोलू दे मला. मंगळवारपासून तुम्ही धड जेवत नाही, टीव्ही लावता नि बघत नाही, बाल्कनीत फेऱ्या मारता. भाऊ, तुम्ही आत्ता कुठे बसलाय?

मोहिद्दीन : कुठं म्हंजे? तुमच्या घरी. रोल्यात.

अनुराधा : आणि रोला कुठे आलं?

मोहिद्दीन : शारजात... थांबा. भाऊंचं ऑफिस दुबईत. मग तुमची पोरगी शुभ्रा?

विजयकुमार : दुबईच्या यादीत आहे.

मोहिद्दीन : ठाऊक होतं तुम्हाला?

विजयकुमार : करताना नव्हतं. देवाशप्पथ नव्हतं. प्रिंट काढली, शुभ्राचं नाव दिसलं, तेव्हा लक्षात आलं. यादी थांबवायला हवी होती. थांबवली नाही. पत्रं जाऊ दिली.

मोहिद्दीन : का पण?

विजयकुमार : तुम्ही ती ब्रँच बघितलीय? पत्र्याची शेड, दोन्ही बाजूला गॅरेजं. लॅब नाही. मॅथ्सला सर मिळालेले नाहीत. दोन वर्षांनी तिची दहावी आहे हो.

मोहिद्दीन : नि माझ्या दुआची काय वेगळी दहावी?

अनुराधा : बोला ना आता.

विजयकुमार : काय बोलू? चुकलो. तोंड दाखवायला जागा नाही मला.

मोहिद्दीन : मीटिंगमध्ये दुबईच्या शाळेत नवा ब्लॉक बांधायला मी एका अख्ख्या खोलीचा खर्च द्यायला तयार होतो. तुम्ही माइक घेतलात. म्हणालात, प्रत्येक घरामागं पंधराशे दिरहम, म्हंजे एकोणीस हजार रुपये, साध्या नोकरीवाल्यानं कुठून आणायचे? ज्याचं घर जिथं, त्याची शाळा तिथं. काय टाळ्या पडल्या!

विजयकुमार : खरंच वाटत होतं मला तसं. अजूनही पंधराशे जास्तच वाटतात.

मोहिद्दीन : मी पण वाजवल्या टाळ्या. खोटं कशाला बोलू? माझं घर शाळेजवळ, मला काय फरक पडतो? ज्यांची पोरं शेडमध्ये जाणार त्यांचा विचार मी तरी कुठं केला?

शुभ्रा : (आतल्या खोलीतून येत) हाय अंकल! दुआ नाही आली? शी हॅज माय जॉमेट्री बॉक्स.

मोहिद्दीन : उद्या देईल हां बेटा, शाळेत. विजयभाऊ, निघतो मी. कमिटीत जाऊन बोंबलणार नाय. ही पण माझ्या पोरीसारखीच. फक्त शहरबानूला घरी काय सांगू, तेवढं सांगा.

विजयकुमार : थांबा. दोन मिनिटं थांबा. अनु, कमिटीतल्या सुजीतचा घरचा नंबर दे.

अनुराधा : फोनखालीच लिहून ठेवलाय. मंगळवारपासून.

(विजयकुमार फोन लावतो.)

विजयकुमार : सुजीत, सॉरी, सुट्टीच्या दिवशी त्रास देतोय. यादीत चूक आहे. सगळीच चुकलीय. उद्या सगळ्यांना नवीन फॉर्म पाठवायचे. हो, चौदाशे. शिव्या मी खातो. आणि दोन नावं आत्ताच घे. आठवी ब, दुआ मोहिद्दीन, दुबई. तिच्या जागी शारजाला... शुभ्रा. हो, माझीच. शुद्धीवर आहे मी. आणि जनरल मीटिंग पुन्हा बोलवायची, नव्या ब्लॉकच्या फंडासाठी. पहिलं नाव माझं लिही.

अनुराधा : आता बरा सुचला फंड.

विजयकुमार : हो, आता सुचला. काय? पत्ता? नाही रे, बॉक्स नंबर नको. राहतो तिथला लिही.

शुभ्रा : बाबा? मी शारजाला?

विजयकुमार : हो बाळा. आता पावणेपाचला उठायला नको. सहापर्यंत झोप.

शुभ्रा : ओके. बट बाबा, देन हू विल सिट विथ दुआ?