बारवेवरच्या बाईचं नाव

मंडळी, मागं उभी असलेली माणसं पुढं या. सतरंजीवर जागा हाय. सुमनवहिनी, तात्या, आण्णांचे पाव्हणेरावळे, इंदापूर-बारामतीतनं आलेली सगळी मंडळी. मला बोलायला उभं केलंय खरं, पण मला बोलायची सवय न्हाय. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला सात शिनेमांत बघितलंय, आणि त्यातल्या सहांत मी एक शब्द बोललेला न्हाय. नुसता केस सोडून उभा राहिलोय. आज केस न्हाईत, कॅमेरा न्हाय, आणि आण्णाबी न्हाईत. काय बोलू?

ज्यांना ठाऊक न्हाय त्यांना सांगतो. मी मधुकर. लोणी देवकरला कारखान्यात फिटर हाय. आणि रंगाआण्णांच्या 'बारवेवरची बाई'मधली ती बाई म्हंजे मी.

हसा, हसा. आवो, आण्णांच्या सभेत तोंड पाडून कुठवर बसणार?

आण्णा लग्नांच्या शूटिंगा करायचे. पण लग्नसराई संपली की त्याच कॅमेऱ्यावर भुताचा शिनेमा. लोणी भापकरच्या शिवारात पायऱ्यांची जुनी बारव हाय, तितं पहिला भाग केला. भूत व्हायला एक बाई तयार होईना. आण्णांनी मला खालवर बघितलं. "मधू, तुझी मान लांब हाय. तूच बाई."

रात्री शूटिंग करायला लाईट कुठली? आण्णांनी कॅमेऱ्याच्या काचेवर निळा कागद लावला. आमच्या शिनेमात मध्यरात्र कायम दुपारी बारा वाजता व्हायची. मी पुढं कण्हत उभा, आणि मागनं म्हशी पाण्याला चाललेल्या. मी म्हणालो, "आण्णा, मध्यरात्री म्हशी?" आण्णा म्हणाले, "त्याबी भुतंच हायती. तू कण्ह."

पण पहिला भाग चालला हां! बारामतीत तात्यांच्या व्हिडिओ हॉलला पोती लावून अंधार केला होता. माझी सख्खी चुलती मला पडद्यावर बघून चपला सोडून पळाली. मग आण्णा थांबतात व्हय? 'बाई परत आली', 'बाई पुन्हा आली', 'बाई आलीच', 'बाईचा बदला', आणि सहावा, 'बाईच्या बदल्याचा बदला'. सहाही भागांत मी बारवेतनं वर यायचो, माणूस किंचाळायचा, खेळ खलास.

सहाव्या भागाला आण्णा आणि मी हॉलात मागं बसलो होतो. पडद्यावर मी बारवेतनं वर आलो. आणि पुढनं एक गडी वरडला, "आली बघा पाव्हणी, चहा ठेवा!" सगळा हॉल हसला. लेकरंसुदिक हसली. आण्णा उठले आणि भाईर गेले. मंडळी, दहा जणांनी शिव्या दिल्या असत्या तर आण्णांनी ऐकून घेतलं असतं. हसणं त्यांना लागलं. तात्यांनीबी सांगून टाकलं, "रंगा, आता बास. मी मारामारीचे शिनेमे लावतो."

दुसऱ्या दिवशी मी आण्णांच्या घरी गेलो. आण्णा तीच कॅसेट लावून बसलेले, कुठं चुकलं ते हुडकत. वहिनी शेजारी मेथी निवडत होत्या. निवडता निवडता म्हणाल्या, "अवो, हिचं नाव काय?"

"कुणाचं?"

"ह्या बाईचं."

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी आण्णांकडं. सहा भाग, मंडळी! सहा भागांत मेलेल्या सगळ्या गड्यांना नावं होती. पाटलाच्या कुत्र्याला नाव होतं. बाईला न्हाय. वहिनी पुढं म्हणाल्या, "आणि ती मेली कशी? तिला कुणी ढकललं का तीच पडली? एकानं तरी इचारलं का तिला?" आणि मेथी घेऊन आत गेल्या.

आण्णा दोन दिवस धड जेवले न्हाईत. तिसऱ्या दिवशी माझी पाळी सुटायच्या टायमाला कारखान्याच्या गेटवर उभे. सगळ्या कामगारांसमोर वरडले, "मधू, तिचं नाव सगुणा!"

सातवा भाग वहिनींनी सांगितला आणि आण्णांनी लिहिला. सगुणाला दिरानं जमिनीसाठी ढकललेलं असतं. पण आपण मेलोय हे तिला उमगलेलंच नसतं. ती रोज कळशी घेऊन पायऱ्यांवर येती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला इचारती, "मला कुणी हाक का मारंना?" तेवढं एक वाक्य वहिनींनी माझ्याकडनं चार दिवस घोकून घेतलं. म्हणायच्या, "मधूभावजी, भूत होऊन बोलू नका. दमलेली बाई होऊन बोला."

तात्या भडकले. तात्या, खरं सांगतोय ना मी? तात्या म्हणाले, "आरं, नाव दिलं की तिचा माणूस होतोय. मग भ्यायचं कुणाला?" आण्णा म्हणाले, "एक खेळ लावा. न्हाय चालला तर शिनेमा बंद, मी जलमभर कॅमेऱ्यावर लग्नंच काढीन." आण्णांसारख्या माणसानं अशी पैज लावली, म्हंजे बघा.

बाजाराच्या दिवशी दुपारी तो खेळ लागला. बाजाराला आलेल्या बाया पिशव्या घेऊन आत शिरल्या. मी बारवेतनं वर आलो. थोडं हसले लोक. मग सगुणा बोलली. हसणं थांबलं. मग ती जिती असतानाचं दाखवलं. ती वाकून कळशी बुडवतीय, आणि मागनं दीर पायऱ्या उतरतोय.

तिसऱ्या ओळीतली एक म्हातारी भाजीच्या पिशवीसकट उभी राहिली आणि वरडली, "सगुणे, मागं बघ बये!"

मग सगळ्या बाया उठल्या. "मागं बघ! मागं बघ!" पडदा हलायला लागला, मंडळी. मी स्वतः, पडद्यावर सगुणा झालेला मी, खुर्ची धरून वरडलो, "सगुणे, मागं बघ!"

भाईर आल्यावर आण्णा भिंतीला टेकून उभे होते. डोळे पुसत म्हणाले, "मधू, आज माणसं खरी भ्याली." मी म्हणालो, "तुमच्या भुताला?" म्हणाले, "न्हाय रं. भुतासाठी."

मागच्या आठवड्यात दवाखान्यात त्यांना भेटलो. छातीला नळ्या. तरी मला जवळ बोलावून म्हणाले, "आठव्या भागात तिचं लग्न दाखवायचं. लग्न आपल्याला काढता येतंय." दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला.

वहिनींनी कालच मला सांगितलंय, आठवा भाग व्हणार. कॅमेरा त्या धरणार. मी हळद लावून घ्यायला तयार हाय.

आता सगळ्यांनी जागेवर उभं राहूया. दोन मिनटं कुणी बोलू नका. तात्या, हात द्या, उठा.

आण्णा, तुमच्या मधूचा जय भीम.