आधी बाक

ड्यूटी संपवून निघालेली नर्स बसथांब्यावर उभी होती. कान मात्र पुढच्या मायलेकांकडे.

"उद्या पालिकेत मीटिंग आहे, आई. गाड्यांचा धूर कमी करायचाय. आधी विजेच्या बस आणायच्या, की पार्किंग महाग करायचं?"

"आधी इथं बाक टाका."

"बाकानं धूर कसा कमी होणार?"

"आज गाडी गॅरेजात आहे म्हणून आलो. एरवी मला उभं राहवत नाही, म्हणून तू सगळीकडे गाडी काढतोस ना? बसायला मिळालं, तर जाईन की बसनं."

"साहेब हसतील मला."

"हसू देत. म्हणावं, आईला घेऊन इथं उभे राहा एकदा."

"बरं, सांगतो. चल, बस आली."

"जाऊ दे. पुढचीनं जाऊ."

"अगं, आणि गुडघे?"

"दुखतील जरा. गाडीत तू कधी एवढं बोलतोस का रे?"

बसच्या पायरीवर ठेवलेला पाय नर्सनं हळूच मागे घेतला.