कारखान्याच्या गेटावरच्या कुरडया

आमच्या आईचं आंदोलन सांगतो तुमाले. वीज कारखान्याच्या कोळशाची राख उडते अन् गच्चीवरच्या कुरडया काळ्या होतात. म्हणून यंदा गल्लीतल्या बायांनी कारखान्याच्या गेटासमोरच चादरी आंथरल्या अन् कुरडया घातल्या.

साहेब धावत आला. "काकू, हे काय चाललंय?"

"आंदोलन," आई म्हणे. "चादरीवर बूट नको आणू बाबू. हे काडी घे, कावळे हाकल."

त्यानं खरंच हाकलले राजेहो! दुपारपर्यंत कुरडयांवर राख बसली. साहेबानं एक उचलून फुंकली, अन् हळूच म्हणे, "काकू, कुरडईचा गरम चीक उरला काय? माही माय गेल्यापासून खाल्ला नाही."

आईनं त्याच्या हातातली कुरडई घेतली. मंग म्हणे, "तुले गच्चीवर बसवून खाऊ घातला असता रे बाप्पा. पण गच्ची त तुमीच घेतली."