सासूबाईंची ध्येयाची वही

हाडांच्या डॉक्टरकडे माझ्या शेजारी सासू-सून बसल्या होत्या. सासूबाईंच्या कोपरावर बर्फाची पिशवी होती.

"आई, जिउ-जित्सूत हात पिरगळला गेला की लगेच टॅप करायचं. समोरच्याला दोनदा थोपटलं की तो सोडतो. कितीदा सांगितलं!"

"सुनेपुढे हार मानू?"

"मग घ्या कोपर मोडून."

"वहीत या महिन्याचं ध्येयच लिहिलंय मी. एकदाही टॅप करायचं नाही."

"खोडा ते. रोज दहादा टॅप, असं लिहा."

"दहादा? अगं, काही लाज?"

"नाहीतर डॉक्टर तुमचा क्लासच बंद करतील."

"...बरं, पेन दे. आणि तुझं ध्येय काय?"

"तुम्ही टॅप केलं नाहीत, तरी वेळेवर सोडायचं."

"मग हे घे तुझं पेन. माझं कशाला खोडू?"