तपासणीला नकार

आई : रक्त तपासा, साखर तपासा, काय वाटेल ते तपासा. पण नशेची तपासणी? माझी मुलगी त्यातली नाही, डॉक्टर!

डॉक्टर : मी कुठं तसं म्हणतेय? सकाळी तुम्ही हाका मारल्यात, ती उठली नाही. श्वास मंद, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. उताऱ्याचं इंजेक्शन दिलं तेव्हा डोळे उघडले, आता पुन्हा गुंगीत गेलीय. पोटात काय गेलंय ते मला कळायला हवं.

आई : आणि उद्या कॉलेजात बभ्रा झाला तर? लोकांच्या हातात कोलीतच मिळेल. ताई, तू सांग ना गं यांना! ही तिची मावशी, डॉक्टर. माझ्यापेक्षा हिच्याशी जास्त बोलते पोरगी.

मावशी : करू दे त्यांना तपासणी.

आई : तूसुद्धा?

डॉक्टर : अहो, ही तपासणी चोर पकडायला नाही. कुणाला नोकरीसाठी करावी लागते, कुणाला खेळाडू म्हणून. इथं ती फक्त औषध ठरवायला.

आई : त्या मैत्रिणींनीच काहीतरी पाजलं असणार. एकेकीला बघून घेते मी...

मावशी : मैत्रिणींना नको बोलूस.

आई : का नको?

मावशी : मी दिली गोळी. काल संध्याकाळी. दाढ ठणकत होती तिची, गडाबडा लोळत होती. तू कामावर. माझ्या हाडांच्या दुखण्याची गोळी... मला सोसते, म्हटलं पोरीला काय होतंय. एकीनं उतार पडेना, म्हणून आणखी एक दिली.

आई : ताई! आणि सकाळपासून मिठाची गुळणी धरून बसलीस?

मावशी : जीभच रेटेना गं.

डॉक्टर : कुठली गोळी, मावशी? मॉर्फिनची? पोटात हळूहळू विरघळणारी?

मावशी : तीच. कॅन्सरच्या डॉक्टरांनी दिलेली.

डॉक्टर : म्हणून उतारा ओसरला की ही पुन्हा गुंगीत जाते! आता तो सलाइनमधून चालूच ठेवते.

आई : झालं ना मग? कळलं सगळं. आता तपासणी कशाला?

डॉक्टर : कळवळून पोरीनं स्वतःहून आणखी काही घेतलं नसेल कशावरून? झोपेची गोळी, आणखी काही? मावशींना जेवढं ठाऊक तेवढंच त्या सांगणार. आणि मी काही रिपोर्ट चव्हाट्यावर मांडणार नाही.

आई : ...करा. काय ते सगळं करा.

(बराच वेळ जातो. बाकावर दोघी बहिणी, मधे एका माणसाची जागा रिकामी.)

मावशी : काहीतरी बोल. शिव्या तरी दे.

आई : देईन. आधी तिला उठू दे.

डॉक्टर : चला, दुसरं काही सापडलं नाही. श्वास सुधारलाय, शुद्धीवर आलीय. फक्त रडतेय. गोळीचा अंमल उतरला, तशी दाढ पुन्हा ठणकायला लागली.

आई : रडतेय? मोठ्यानं?

डॉक्टर : वॉर्ड डोक्यावर घेतलाय. उद्यापर्यंत इथंच ठेवू, लक्ष ठेवावं लागेल. जा, भेटा.

आई : चल, ताई.

मावशी : तू जा. मी कुठल्या तोंडानं येऊ?

आई : हात दे आधी. पोरगी आधी तुलाच विचारील.