सैल तारा

बेटावरच्या कलिही वस्तीत पोईच्या, म्हणजे अळूच्या कंदाच्या लगद्याच्या, दुकानापुढच्या रांगेत माझ्यापुढे एक बहीण-भाऊ उभे होते.

"पुआ, उद्या रेकॉर्डिंग आणि बाबांच्या स्टील गिटारला त्यांचा तो गोडवाच येत नाही. तीन माइक बदलले."

"माइक काय करील, माकानी? तारा त्यांच्यासारख्या जुळवल्यास का?"

"कळायला नको? कुणी चोरू नये म्हणून वाजवून झालं की तारा सैल करायचे. माझ्यासमोरसुद्धा! गेले गुपित घेऊन."

"माझ्यासमोर खुशाल जुळवायचे. मी भांडी घासत असायचे ना."

"म्हणजे तुला येतं? अगं, मग जुळवून दे!"

"उद्या मीच वाजवते की."

"तू? काहीतरीच! तू नुसत्या तारा जुळव. वाजवायला मी आहे."

"बरं. जुळवते, एकदा वाजवून ऐकवते आणि निघताना सैल करून जाते."