पडकईचा म्होरक्या

...आता तुम्हीच सांगा, शिट्टी फुंकून दगड हलतो का? नाही, मी खरंच विचारतोय. तळेघरात जन्म गेला, भाताच्या खाचरांत केस पांढरे झाले, पण शिट्टीला भिऊन जागचा उठलेला दगड मी अजून पाहिला नाही. माझा नातू सार्थक, चाकणला कंपनीत आहे, तिथं त्याला टीम लीडर केलाय, दोन दिवस हॉटेलात बसवून चांगल्या म्होरक्याचे गुण शिकवले, सात असतात म्हणे, वहीत लिहून आणलेत त्यानं. मी म्हटलं, असतील बाबा, सात तर सात. पण म्होरक्या म्हणायचं कुणाला, हे काही मला उलगडत नाही.

तुम्हाला सांगतो, आमच्याकडं पडकई असते. म्हणजे आज साऱ्यांनी माझ्या शेतात राबायचं, उद्या जानकूच्या, परवा भिकाच्या. मजुरी नाही, फक्त जेवण. यंदा माझ्या मोठ्या खाचराचा बांध फुटलेला, पाऊस आठ दिवसांवर आणि माझ्या वाट्याला दिवस एकच! बांध नाही तर पाणी थांबायचं नाही, पाणी नाही तर वर्षाचं भात गेलं. सार्थक म्हणाला, "आबा, या वेळी मी बघतो. तुम्ही बसा." मी बसलो. बस म्हणणारं माणूस मला कधीच वाईट वाटत नाही...

तर यानं काय करावं? चौदा माणसांच्या तीन टोळ्या केल्या, शिट्टी फुंकली आणि मोबाइलात बघून म्हणतो, "भिकातात्या, तुम्ही दगड उचला. जानकूकाका, तुम्ही माती. जेवायच्या आत अर्धा बांध, हे आपलं टार्गेट." आता भिकाचा गुडघा दिवाळीपासून धरलाय, हे गावातल्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक आहे. पण भिका बोलला का? "बरं साहेब" म्हणाला, आणि दगडापाशी जाऊन दगडाकडं बघत उभा राहिला. माणसं रागावली म्हणता? छे, फार अदबीनं वागली, तीच तर भीती! पडकईत थट्टा थांबली की काम थांबलं समजा. दुपार झाली तरी बांध जेमतेम माझ्या काठीएवढा लांब. पोराचं तोंड उतरलं... मग म्होरक्या म्हणायचं कुणाला?

तेवढ्यात आमची कारभारीण चिमाबाई भाकरीची पाटी घेऊन आली. बांधाकडं पाहिलं, नातवाकडं पाहिलं. पाटी उतरवली आणि भिकाला म्हणाली, "तुला रं दगडापाशी कुनी उभा केला? खाली बस. फटीत बारक्या दगडांच्या चिपा बसवायला तुझ्यासारखा हात न्हाई कुनाचा." मग जानकूकडं वळली. "आन जानकू, भाकर मोडताना लई जोर दावतोस, त्यो जरा पहारीला दाव." सगळी हसली. जेवणं झाली तशी तिनं घमेलं उचललं, दुसरं सार्थकच्या हातात दिलं, म्हणाली, "चल माझ्यामागं." शिट्टी गेली खिशात. मग काय, भिका बसल्याबसल्या दगड रचतोय, जानकू त्याच्या रचण्याला नावं ठेवतोय, भिका जानकूच्या सासुरवाडीला नावं ठेवतोय, आणि दिवस मावळायच्या आत बांध उभा!

सार्थकनं वही काढून तिला विचारलं, की आजी, तू नेमकं केलंस काय? ती म्हणाली, "म्या? म्या भाकरी आनल्या." आता हा कितवा गुण? पोरगं पेन धरून बसलं आपलं.

पण मला निराळीच हुरहुर. कारण पडकईचा म्होरक्या तीस वर्षं मीच! लोकच म्हणतात. आणि मी तर कधी कुणाला काही सांगितल्याचं मला आठवत नाही. मग मी म्होरक्या कसा? रात्री जेवताना हळूच चिमाबाईला विचारलं. ती म्हणाली, "तुमाला एक वाक्य बोलायला लई येळ लागतो. ते पुरं व्हायच्या आत मान्सं काम उरकून घेत्यात."

यावर माझ्याकडं उत्तर होतं. चांगलं होतं... पण मी तोंड उघडलं, तोवर तिची भांडी घासून झाली होती.